पहिली मासोळी

बारावीच्या साली मी तलावाच्या पाळीवरून घसरली अन् पाय मोडून घेतला. मांडीपर्यंत प्लास्टर, दीड महिना खाटेवर! सावली तालुक्यातलं आमचं गाव, धानाच्या रोवण्याचे दिवस, सारे शेतात, बांधीत. मी एकटी घरात, छपराचे कवेलू मोजत. दोन घरं सोडून टीव्ही होता, त्याचा नुसता आवाज ये. कोण हासून राह्यलं, काऊन हासून राह्यलं, काई समजे नाई. जीव गुदमरे माहा.

आमी मासोळ्या धरणारे. आमच्याकडं सकाळच्या जाळ्यातली पहिली मासोळी घरच्या सगळ्यात लहान्यानं तलावात परत सोडाची अन् तलावालेच म्हणाचं, "उपकार झाले, माय." ते काम लहानपणापासून माहंच. आता मी खाटेवर, तर बाबा रोज ती मासोळी डब्यात पाणी घालून घरी आणत. मी हात लावून म्हणो, मंग ते सायकलनं नेऊन सोडत.

"उपकार कायचे वं? पाय मोडला त्याचे?" मी मायवर खेकसली.

"दुसरा शाबूत हाय ना? त्याचे मान!"

एक दिवस मी बाबाले म्हटलं, "आज राहू द्या माह्यापाशी. संध्याकाळी न्या."

"काऊन?"

"कोणी तरी पाह्यजे ना घरात."

बाबा डबा खाटेजवळ ठेवून बाजारात गेले, माय रोवण्याले. मासोळी गरगर फिरून राह्यली. पयले मजा वाटली. मंग वाटलं, अरे, हे तर मीच! दुपारी ती वर येऊन तोंड वासाले लागली. बापा! लोट्यातलं प्याचं पाणी मी उंचावरून धार धरून ओतलं. जराशी हलली. लोटा रिकामा. हाका मारल्या, कोणी नाई.

रांजण अंगणात. उतरली मी खाटेवरून. एक वीत डबा सरकवो, एक वीत मी सरको. उंबरठ्यावर तर रडलीच! पण पोचली. अन् मंग तांब्या-तांब्यानं पाणी बदलत बसली, संध्याकाळपर्यंत.

बाबा आले तर मी चिखलात, प्लास्टर भिजलेलं.

"इथी कशी आली वं पोट्टे?"

"जित्ती हाय, बाबा!"

त्यायनं डबा माह्या हातात देला. मले सायकलच्या कॅरेजवर बसवलं, पाय बाहीर दांड्यावानी. रस्त्यात माय अन् रोवण्याच्या बाया भेटल्या. माय ओरडली, "सरका वं, तोफ आली!"

पाळीवर मी डबा कलता केला. गेली ती, मांगं पाह्यलं बी नाई. किती दिवसानं मी एवढं आभाळ पाहून राह्यली होती! "उपकार झाले, माय" म्हणाले तोंड उघडलं, तर हासूच आलं. दोनदा म्हणा लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर लई बोलले. नवीन प्लास्टर, पंधरा दिवस वाढले. पुन्हा तेच कवेलू, तोच टीव्हीचा आवाज. पण सकाळी सायकलची घंटी वाजली का मी खाटेवरूनच ओरडो, "जित्ती हाय ना?"