करंट प्यायलेलं तेल

तळेगावात ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला आहे म्हटलं, की मावळातली माणसं माझ्यापुढे रिकामी बाटली धरतात. ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेल चोळलं की गुडघेदुखी जाते, हा इथला ठाम समज. तेल वर्षानुवर्षं करंट पितं, म्हणून त्यात ताकद येते म्हणे! अहो, तेल तिथं करंट अडवायला असतं, आणि ते अंगाला लावायचं नसतं. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

या मंडळींचे पुढारी म्हणजे माझे वडील. ते तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी, तिकोणा पेठ गावात राहतात. गुडघे पार झिजलेत, आणखी उशीर केलात तर अंथरुणाला खिळाल, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण ऑपरेशनचं नाव काढलं की आबा तेलाची बाटली उघडतात.

गेल्या वर्षी गावाचा ट्रान्सफॉर्मर बदलला. धरण जवळ, म्हणून नव्यात सोयाबीनपासून केलेलं तेल घातलं. गळलं तरी मातीपाण्याला त्रास कमी, आणि ते चटकन पेटतही नाही. मला कोण आनंद झाला! लगेच गावी जाऊन सांगितलं, "आबा, आता विसरा. आई भजी तळते, त्याच जातीचं तेल आहे त्यात."

आबांनी शांतपणे मान डोलावली. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या खेपेला शेतावर गेलो, तर विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला सुतळीनं बाटली लटकवलेली. आत आईच्या स्वयंपाकाचं सोयाबीन तेल!

"करंट लागाय ठिवलंय," आबा म्हणाले. "लय गुन आला."

माझं डोकंच फिरलं. मी इतका ओरडलो, की शेजारच्या वावरातली माणसं बघायला लागली. गुण आल्याचं दाखवायला आबा ताडकन उठले, दोन पावलं टाकली आणि मोटारीच्या खोलीचं दार घट्ट धरून उभे राहिले.

"तेलानं काय व्हत न्हाई, मला कळतं रं," ते हळूच म्हणाले. "पन भूल दिल्यावर उठलोच न्हाई तर?"

"मग हे आधी बोलायचं ना, आबा!" मी अजून वैतागलेलोच होतो.

"तू येशील आत, माझ्यासंगं?"

ऑपरेशनच्या खोलीत घरच्यांना घेत नाहीत, हे मला माहीत होतं.

"व्हय," मी म्हणालो.