घडाघडा वाचणारी पोर

माझी लेक पहिलीत असताना कन्नड पुस्तक घडाघडा वाचते, हे मी अख्ख्या म्हैसूरला सांगत सुटले होते. पाहुणे आले की चहाच्या आधी पुस्तक बाहेर यायचं. बोट ओळीवर, मान ताठ, आणि एका दमात सगळे धडे. घरात आमची मराठी अर्धी कन्नडच, पण लिहिलेलं कन्नड नीट वाचणारी मी एकटी, त्यामुळे मला गर्व फार. गर्वाचं घर खाली, हे कळायला साराचा एक डाग पुरला.

सार सांडून पुस्तकाची दोन पानं चिकटली होती. एका संध्याकाळी तिने ती एकदमच उलटली आणि वाचत राहिली. बोट बसच्या धड्यावर, तोंडात मात्र चिकटलेल्या पानांतली विहिरीची गोष्ट. मी बसचं चित्र हाताने झाकलं आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"हात काढ की गं आई. चित्र बेकु मला."

चित्राशिवाय तिला एक शब्द वाचता येत नव्हता. सगळं पाठ होतं.

वर्षअखेरीस शाळेच्याही ते लक्षात आलं. मुख्याध्यापिकाबाई कन्नडात म्हणाल्या, "पाठांतर छान आहे, पण बुद्धी कमी. पुन्हा पहिलीत बसू दे." माझं डोकंच फिरलं. अख्खं पुस्तक ध्यानात ठेवणाऱ्या पोरीला बुद्धी कमी? मी म्हटलं, "जूनमध्ये हिला कधी न पाहिलेलं काहीतरी वाचायला द्या. नाही आलं तर खुशाल बसवा पहिलीत." बोलून तर बसले. हातात दोनच महिने होते.

आधी मला कळेना की पोरीचं अडतंय कुठे. एकदा सहज विचारलं, "कपाटातला 'क' काढला तर काय उरतं?" तिने खूप विचार केला आणि म्हणाली, "बाकीचे कपडे."

मी पोट धरून हसले आणि मग चपापले. शब्द ऐकला की तिच्या डोळ्यांपुढे वस्तू यायची. शब्दाला आवाजाचे तुकडे असतात, हे तिच्या गावीही नव्हतं. स्मरणशक्ती एवढी दांडगी की तुकडे करायची तिला कधी गरजच पडली नाही. त्यातून आम्ही टाळ्या वाजवून तिला आणखी फसवलं. चूक तिची कमी, माझी जास्त.

जुनं पुस्तक मी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. रोज ऑफिसातून आले की आधी तोंडी खेळ: शब्द म्हणायचा, तुकड्यागणिक टाळी वाजवायची, एक तुकडा काढून उरलेलं सांगायचं. मग परातीत नाचणीचं पीठ पसरून त्या आवाजाचं अक्षर बोटाने काढायचं. शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी एक नवी ओळ लिहायचे. कालची ओळ आज कधीच नाही, म्हणजे पाठ करायची सोयच नको.

पोर रडायची. "ते पुस्तक दे ना, ते मला येतं!" सासूबाईंना बघवत नसे. "पोरगी बेड म्हणतेय की गं, नको झालंय तिला. स्वल्प खेळू दे तिला."

"खेळच चाललाय, अत्ते," मी म्हणायचे आणि पुढची ओळ लिहायचे. मलाही वाईट वाटायचं, पण मी हट्टाला पेटले होते. मे संपता संपता ती एक ओळ वाचू लागली, तीही इतकी सावकाश की तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जावं.

जूनमध्ये बाईंनी नवं पुस्तक पुढे ठेवलं. ती अडखळली, मागे गेली, एक शब्द चुकली, तोच पुन्हा वाचून तिने नीट केला. बाईंच्या कपाळावर आठी. "पूर्वी किती भराभर वाचायची. आता हे काय?"

"तेव्हा म्हणत होती," मी म्हटलं. "आता वाचतेय."

बाईंना ते पटलेलं दिसेना. त्यांनी पाटी ओढली, एक ओळ लिहिली आणि लेकीच्या हातात दिली. ती ओठ हलवत, बोटाने एकेक तुकडा जोडत राहिली. मी मान वाकडी करून पाहिलं. कन्नडात लिहिलं होतं: 'दुसरीच्या वर्गात जाऊन बस.'

तिने पाटी टेबलावर ठेवली, दप्तर उचललं आणि निघाली. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.