भावोजींकडचा अर्धा कप

हैदराबादेत आमच्या भावोजींच्या घरी अर्ध्या कपाहून जास्त चहा प्यायलेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी बरीच वर्षं सांगत आले. हे मेहुणीच्या तोंडाळपणानं नाही बोलत, कोरड्या पडलेल्या घशानं बोलते. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. चहा आला, आपण फुंकर घातली, दोन घोट घेतले, आणि "काय म्हणते तुमची शाळा?" असं त्यांनी विचारल्यावर उत्तर द्यायला म्हणून कप जरा खाली ठेवला, की संपलं. कप गेलाच. तिकडे नळाखाली खळखळ ऐकू येते आणि भावोजी लुंगीला हात पुसत परत येऊन बसतात. "अहो, होता ना त्यात!" म्हणावं तर उत्तर ठरलेलं : "मास्तरीणबाई, ठेवलं की धरतं. वेळेवर धुतलं तर पाण्यानं निघतं, मागाहून छिन्नी लागते." चहाला छिन्नी!

बरं, हे घरापुरतं असतं तर चाललं असतं. थोरल्या पोराच्या लग्नात व्याह्यांनी खुबानीचा मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, शेवटच्या घासासाठी ताटाच्या कडेला राखून ठेवला होता. मुलाचा बाप अदबीनं वाकून आपलं ताट उचलतोय हे पाहून ते बिचारे इतके संकोचले, की हात जोडून उभेच राहिले. मीठा गेला मोरीत. एकदा ताईनं पाठवलेला डबा द्यायला भावोजी जामबागेत माझ्या शाळेत आले. मी दाराशी डबा घेतेय तोवर आत जाऊन त्यांनी माझा अख्खा फळा ओल्या फडक्यानं पुसून काढला. चाळीस मुलांची वाक्यं अर्धवट राहिली. मी डोक्याला हात लावला, तर मलाच म्हणतात, "लिहिलेलं वाळायच्या आत पुसावं बाई." ताई म्हणायची, जाऊ दे गं, धंद्याची सवय आहे.

धंदा काँक्रीट पंपाचा. कारखान्यातून मालमोटारीनं आलेलं ओलं काँक्रीट, त्याला हे लोक नुसतं 'माल' म्हणतात, ते पंपाच्या पेटीत ओतायचं आणि लोखंडी नळांतून दहाव्या, विसाव्या मजल्यावर ढकलायचं. हे कुटुंब मूळचं नांदेडकडचं, शेतकरी. मोटेचं पाणी ओढणाऱ्यांची नातवंडं माल चढवायला लागली, एवढाच काय तो फरक, असं भावोजी म्हणत. भावोजी आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांनी मिळून एक जुना पंप घेतला, मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या अंगाला एक मोकळं आवार धरलं, आणि पत्र्यावर आडनावापुढे 'ब्रदर्स' असं रंगवून घेतलं. आज पंप मोजायचे तर मला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. आकाशात हात लांबवणारी मोठाली यंत्रं आहेत, ती पोरं कमरेच्या पट्ट्यावरच्या बटणांनी चालवतात. पोरांनी किती वेळा म्हटलं, की बाबा, नाव बदलू, काहीतरी छोटं, इंग्रजी ठेवू, ब्रदर्समधला एकच ब्रदर तर उरलाय. भावोजी एवढंच म्हणत, "नक्को."

त्या आवारात एक कट्टा होता. काम संपलं की पंपाच्या पोटात थोडा माल उरतोच. जगातली सगळी माणसं तो फेकून देतात. भावोजींचा जीव व्हायचा नाही. काम जवळपास कुठे असलं, की पंप तिथं न धुता तसाच आवारात ओढून आणायचा, उरलेला माल फळ्यांच्या साच्यात ओतायचा आणि कट्टा लांबवायचा, असा रिवाज त्यांनी पाडला. आधी दोघा भावांपुरता कट्टा होता. मग ताईची जागा झाली. धाकट्यांचं लग्न झालं, त्यांच्या बायकोची झाली. पोरं झाली तशी एकेकाची वीतभर. दुपारी सगळं घर त्या कट्ट्यावर रांगेनं जेवायला बसे, ज्याच्या त्याच्या जागी. मला मेहुणी म्हणून टोकाला मिळाली होती, तीही जरा उतरती, घसरायला होईल अशी. मुद्दामच केली असणार.

पण त्या कट्ट्यावर तीन जागा रिकाम्या होत्या. धाकट्यांची, त्यांच्या बायकोची आणि कडेची एक वीत. बारा वर्षं भावोजींनी तिथं कुणाला बसू दिलं नाही. रोज सकाळी भावोजी नळी घेऊन त्या तीन जागा धुवायचे. एकदा एक मोठे बिल्डर नेमके तिथं टेकले, तर भावोजी त्यांना दंडाला धरून उठवत म्हणाले, "साब, जगा भोत है, उधर बैठो." मी एकदा मुद्दाम बसले. पाठीमागून पाणी आलं आणि भर दुपारी मी ओल्या साडीनं रिक्षात बसून घरी गेले. त्या रात्री नव्हे, पुढे दोनेक महिन्यांनी ताईनं मला खरं काय ते सांगितलं.

मे महिन्याची दुपार होती. दोघा भावांनी पहिलाच कोरा पंप घेतला होता. धाकट्यांना मुलगी होऊन बारा दिवस झाले होते आणि भावोजींना पुतणीची जागा त्याच दिवशी करायची होती. पंप मालासकट आवारात आला. दोन घमेली ओतली की झालं, पण भावोजी थापी घेऊन बसले ते बसलेच. कोपरा गोल करायचा, लेकराला टोचू नये म्हणून. धाकट्यांनी तीनदा विचारलं, "दादा, धुवायला घेऊ?" तीनदा भावोजी म्हणाले, "थांब जरा. माल लागेल अजून." त्या उन्हात माल कुणासाठी थांबतो? कोपरा गोल झाला तोवर पंपाच्या पोटात दगड झाला होता. नवा पंप गेला. सगळे कामगार जमले, आणि भावोजी सगळ्यांदेखत धाकट्यांवर ओरडले, "पंप धुवायचं काम कुणाचं होतं?" धाकट्यांनी भावाकडे पाहिलं. म्हणाले, "माझंच होतं, दादा." आठ दिवसांत बायको-लेकराला घेऊन ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पटणचेरूकडे निघून गेले. त्या दिवसापासून आमचे भावोजी लोकांचे कप धुतात.

मी हे मनात ठेवलं. पण यंदा आवाराच्या मालकानं जागा विकली. पोरांनी शहराबाहेर रिंग रोडजवळ दसपट मोठी जागा घेतली आणि कट्टा फोडायचा दिवस ठरला. पंप जातील, नळ जातील, कट्टा कसा नेणार? भावोजी जेवेनासे झाले. दिवसातून चारचारदा त्या तीन जागा धुवायला लागले. एके दिवशी माझा भरलेला कप त्यांनी उचलला आणि माझा तोल गेला. म्हटलं, "भावोजी, अख्ख्या गावाचं उष्टं धुता. जे धुवायचं ते बारा वर्षं तसंच ठेवलंय. कट्टा फुटल्यावर धाकट्यांना बसवणार कुठे?" ताई म्हणाली, "अगं!" भावोजी हातातल्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या चला माझ्यासंगं. मला बोलता येत नाही."

बोलायला म्हणून मला नेलं, आणि मला एक शब्द बोलू दिला नाही. पटणचेरूच्या पुढे एका अर्धवट इमारतीखाली धाकटे आपला एकुलता एक पंप धूत होते. केस पांढरे झालेले. भावाला पाहिलं, नळी बंद केली नाही. भावोजींनी जाऊन ती नळी हातात घेतली आणि पंप धुवायला लागले. एक कामगार धावला, "अय्यो चच्चा, कपडे खराब हो जाते!" तसे भावोजी वळले आणि तिथल्या पाचसात कामगारांना मोठ्यानं म्हणाले, "सुनो रे सब. उस दिन गलती मेरी थी. इसकी नै थी. मैंच धोने नै दिया." कुठला दिवस, कसली गलती, त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? एक जण समजूत काढायला म्हणाला, "हौ चच्चा, उनकी नै थी." मला हसू यायला हवं होतं. मी पदरानं डोळे पुसत उभी होते.

धाकट्यांनी पंपाच्या पेटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दादा, बारा वर्षं झाली. आता पाण्यानं निघायचं नाही हे."

भावोजी म्हणाले, "मग छिन्नीनं काढू. मला काय काम आहे दुसरं?" परवा कट्टा फोडणार आहेत, दुपारी जेवायला ये, एवढं सांगून ते गाडीत येऊन बसले. येतो म्हणून धाकट्यांनी काही सांगितलं नाही.

त्या दुपारी आम्ही सगळे कट्ट्यावर आपापल्या जागी बसलो. जेवणं झाली. तीन जागा तशाच ओल्या. फोडायचं यंत्र घेऊन आलेली माणसं फाटकाशी विड्या ओढत थांबली होती. ताईनं चहा केला, आणि तेवढ्यात फाटकातून धाकटे आत आले, बायको आणि बारा वर्षांची मुलगी बरोबर. धाकटे सरळ आपल्या जागी बसले, बायको तिच्या. मुलगी त्या कडेच्या वीतभर जागेत कशी मावणार? ती अर्धी बापाच्या मांडीवर रेलून बसली आणि गोल कोपऱ्यावरून हात फिरवत राहिली.

धाकट्यांच्या हातात कप आला. त्यांनी दोन घोट घेतले आणि कप कट्ट्यावर ठेवला. आम्ही सगळे भावोजींकडे बघू लागलो. भावोजींनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते आणि त्यांवर ते घट्ट बसले होते. धाकट्यांनी सावकाश कप उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. चहा निवला असेल. त्यांनी तो तळापर्यंत प्यायला. मग स्वतः उठले, नळाशी गेले, कप विसळून आणला आणि भावासमोर उपडा ठेवून म्हणाले, "दादा, धुतला."

भावोजी रडले. लहान पोरासारखे, मोठ्यानं. धाकटे पुन्हा धंद्यात आले नाहीत, त्यांचा एक पंप त्यांना पुरतो. पण सणावारी येतात, नव्या आवारात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतो आम्ही. त्या दिवशी डोळे पुसता पुसता भावोजींनी माझा अर्धा भरलेला कप मात्र उचलून नेलाच. आणि मेहुणी असून मी पहिल्यांदाच भांडले नाही.