वास गेलेली विहीर

"क्लोरीन वाढवा मॅडम, वास मरेल," साहेब मान वर न करता म्हणाले. क्लोरीन वाढवूनच तर वास चौपट झाला होता.

नव्वदीची पहिली वर्षं. डोंबिवलीजवळच्या एका सरकारी लॅबमध्ये मी पाणी तपासणारी केमिस्ट होते. तक्रार खाडीकाठच्या कोळीवाड्यातली होती. विहिरीच्या पाण्याला दवाखान्यातल्या फरशीसारखा वास यायचा. तो फिनॉलचा. वरच्या बाजूला औषधांचे कारखाने, त्यांचं सांडपाणी नाल्यात आणि नाला विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. फिनॉलला क्लोरीन मिळालं की आणखी घाण वासाचं रसायन तयार होतं. हे साहेबांना सांगून माझं तोंड दुखलं होतं.

विहीर हिरूबाईंच्या अंगणाला लागून. वासापायी त्या ते पाणी पीत नसत. रूळ ओलांडून पलीकडच्या सोसायटीच्या नळावरून रोज हंडे आणायच्या. सून गरोदर होती, तिला हंड्याला हात लावू देत नसत.

"माजी कंबर गेली तं जाऊ दे," त्या मला म्हणाल्या. "पन ह्या पानी तिच्या पोटान नाय जायाचा."

वाड्याने नळासाठी अर्ज केला होता. तो लवकर मंजूर करावा असं मी लिहून दिलं. साहेबांनी त्याऐवजी विहिरीवर कार्बन फिल्टर बसवला. म्हणजे खास प्रक्रिया केलेल्या कोळशाने भरलेली टाकी. पाण्यातली रसायनं या कोळशाला चिकटतात. पण सगळी नाही. काही त्याला अजिबात दाद देत नाहीत, सरळ पलीकडे निघून जातात. फिनॉल मात्र छान चिकटतो.

वास गेला. नारळ फुटला. साहेबांनी पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. हिरूबाईंनी मला बळेबळे सुकटीची पुडी दिली.

"साहेब, वासाबरोबर बाकीचं गेलं का, ते आपण पाहिलेलं नाही."

"तक्रार कसली होती?"

"वासाची."

"गेला ना? मग विषय संपला."

नळाचा अर्जही संपला. पाणी सुधारल्यावर नळ कशाला, असा शेरा पडला.

आमच्या लॅबमध्ये बारीकसारीक रसायनं पकडणारं मशीन नव्हतं. ओळख काढून मी मुंबईच्या एका लॅबला नमुना दिला. रिपोर्ट यायला अख्खा पावसाळा गेला. फिनॉल जवळपास नाही. पण औषध बनवताना वापरतात तो एक सॉल्व्हंट होता, आणि चक्क एका औषधाचा अंशही. इतक्या कमी प्रमाणात दोन्हींना ना वास, ना चव.

साहेबांनी कागद वाचून परत सरकवला. "या टेस्ट आपल्याला करायला सांगितल्यात का? नाही ना? मग आपल्या हिशेबी पाणी पास."

मी तशीच कोळीवाड्यात गेले. सुनेला मुलगी झाली होती. हिरूबाई नातीला मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने पाणी पाजत होत्या.

"हिरूबाई, हे पाणी तिला नका देऊ. सुनेलाही नका देऊ."

त्यांनी वाटी नाकाशी नेली. मग माझ्या नाकाशी धरली. "वास तं नाय."

"ज्याला वास नाही, तेच आहे यात."

"मंग आमाला कलायाचा कसा?"

त्यांनी वाटी अंगणात ओतली, नात सुनेकडे दिली आणि हंडा घेऊन रुळाकडे निघाल्या. मी थांबले. बऱ्याच वेळाने त्या रिकामा हंडा घेऊन परतल्या. तुमच्याकडे आता सरकारी फिल्टर आहे, असं म्हणून सोसायटीच्या वॉचमनने नळाला हात लावू दिला नव्हता.

घरात मूल रडत होतं. हिरूबाई आत गेल्या. त्यांनी तिला कुठलं पाणी दिलं असेल, हे विचारायची गरजच नव्हती. दुसरं पाणी घरात नव्हतं.

नोकरीत शिकले ते एवढंच. त्या वाड्याकडे पाणी तपासायचं एकच यंत्र होतं, नाक. ते आम्ही सरकारी खर्चाने बंद पाडलं.