नंदूभाऊ, बॅग पोरीले उचलू द्या!

लोक विचारतात, "मॅडम, इतकी वर्षं पोरांना खो-खो शिकवून तुम्हाला मिळालं काय?" कपाटात ढाली फार नाहीत. गुडघे गेलेत. पण किस्से म्हणाल तर बाप्पा, इतके जमलेत की लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या माणसाची भाजी थंड होते! माझा नवरा तर नातेवाइकांना आधीच सांगून ठेवतो, "हिच्या बाजूला बसायचं असेल तर घरून जेवून या."

तुम्ही जेवून आलात असं धरून चालते.

आमचं मैदान नागपुरात, सक्करदऱ्याकडे. संध्याकाळी पोरं-पोरी जमतात. नियम दोनच. पहिला, आपलं काम आपण करायचं. मैदानावर पाणी मारणं, चुन्याच्या रेषा आखणं, बॅग उचलणं, सगळं खेळाडूनं स्वतः. आई-बापांनी कडुलिंबाच्या झाडापलीकडे उभं राहायचं. दुसरा, सरावाला शिट्टी नाही. ज्याला हात लागला त्यानंच हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं.

पोट्टे हे नियम आठवडाभरात शिकतात. आई-बाप शिकत नाहीत, तो माझा सगळ्यात मोठा वैताग!

*

आई-बापांमध्ये पहिला नंबर नंदूभाऊंचा. यांच्या घरी पूर्वी उमरेडला हातमाग होते, आता हे नागपुरात शाळेची व्हॅन चालवतात. वर्गभराची पोरं व्हॅनमधून नेतात-आणतात, त्यांना दम देतात. पण स्वतःची पोरगी, धनश्री, समोर आली की माणूस विरघळतो.

आता ही धनश्री पळते कशी, ते ऐका. खांबाजवळ ती अशी वळते की मागची पोरगी खांबालाच मिठी मारते! पण मैदानावर यायची तेव्हा पुढे नंदूभाऊ, त्यांच्या खांद्यावर हिची बॅग, हातात हिची बाटली. मग खाली बसून हिच्या बुटाची नाडी बांधणार. मी ओरडायची, "नंदूभाऊ, पोरगी आठवीत आहे!"

"हो जी मॅडम, पण तिले गाठ ढिली बसते."

मागच्या वर्षी हिची अमरावतीच्या शिबिरासाठी निवड झाली. तिथंच मुक्काम करायचा. जी पोरगी शिबिर पूर्ण करेल तिचाच राज्याच्या संघासाठी विचार होणार होता. मी खूश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहते तर धनश्री कडुलिंबाखाली उभी, आणि मागे नंदूभाऊंची व्हॅन!

"घेऊन आलो मॅडम. पोरगी लय रडून राहिली होती."

मी धनश्रीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी नाही जी मॅडम. बाबाच रडून राहिले होते. मंग त्याइले पाहून मीबी रडली."

मला हसावं की डोकं फोडावं कळेना. यंदाचं वर्ष हिचं शेवटचं. पुढच्या वर्षी ती त्या वयोगटात बसत नाही. निवड होईल याची मला खात्री होती. हिला तिथं करमेल का आणि हिच्या बापाला इथं करमेल का, या दोन्हीची मात्र धास्ती होती.

*

एकट्या नंदूभाऊंना काय बोलायचं म्हणा! सोहम नावाचा एक पोरगा आहे. मूळचा काटोलचा, घरचा संत्र्याचा व्यापार. शाळेसाठी नागपुरात मामाकडे राहतो. एकदा त्याच्या वडिलांनी सगळ्यांसाठी संत्र्याची पेटी पाठवली. सराव संपला, पोरं तुटून पडली. हा हातात संत्रं घेऊन बसून राहिला.

"काहून रे, खात काहून नाहीस?"

"मॅडम, सोलायचं कुठून?"

मग जो हशा पिकला! काटोलचा पोट्टा आणि त्याला संत्रं सोलता येत नाही! मी विचारलं, "अरे, तुझ्या घरी संत्र्यांचे ढीग असतात ना?"

"असतात ना. बाबा विकतात, आई सोलते, मी खातो."

त्या दिवशी सोहमनं आयुष्यातलं पहिलं संत्रं सोललं. निम्मा रस त्याच्या शर्टावर, उरलेला माझ्या चष्म्यावर. पण खाल्लं त्यानं असं, की जणू झाडही त्यानंच लावलं होतं. आता घरी गेला की तो आईला सोलून देतो, आणि त्याची आई मला फोन करते, "मॅडम, माझं पोरगं परकं झालं वं!"

*

शिट्टी नसण्याचा नियम मात्र एकदा चांगलाच महागात पडला.

मौद्याला सामना होता. आमची पल्लवी मेश्राम पळत होती. शेवटची मिनिटं, दोन्ही संघ बरोबरीत. समोरच्या पोरीनं झेप घेतली, पल्लवी निसटली, पंच गप्प, प्रेक्षकांच्या टाळ्या. आणि पल्लवीनं काय करावं? हात वर केला आणि चालू लागली बाहेर!

पंच धावत आले. "ए, कुठे चाललीस? मी बाद दिलंच नाही."

"सर, पाठीले हात लागला."

"मला दिसला नाही."

"तुम्हाले नाही दिसला, पण मले लागला ना!"

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, माझ्या मनात आलं, घाल बये त्या सवयीला चुलीत! पण तोंडानं काय बोलणार? सवय मीच लावलेली. आम्ही एका गुणानं हरलो.

पल्लवीचे वडील रागाने लाल. "मॅडम, हारायचंच शिकवून राहिल्या का तुम्ही?" पल्लवी मध्ये पडली. "बाबा, तिनं इतक्या लांबून उडी मारली होती, तिची मेहनत फुकट जाऊ देऊ का?" बापानं तिच्या पाठीवरची माती झटकली. मग आम्ही तिघांनी स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले, आणि ते मला आजवरचे सगळ्यात चवदार लागले.

आठवडाभरानं जिंकलेल्या संघाच्या सरांचा मला फोन. "मॅडम, काय करून ठेवलंत! माझ्या पोरी विचारून राहिल्या, आपण कधी हात वर करायचा?"

*

आणि खाप्याचा किस्सा तर ऐकाच.

दोन दिवसांची स्पर्धा, मुक्काम एका शाळेत. पहिल्या दिवसाच्या मातीनं पांढऱ्या जर्सीचा रंग ओळखू येईना. मी म्हटलं, धुवा ज्याची त्याने. पोरींनी डोकं लावलं, की वेगवेगळं कशाला, एकाच टबात घालू. त्यात कुणाची तरी नवीकोरी लाल ओढणी गेली. सकाळी दोरीवर सगळा संघ गुलाबी!

फक्त धनश्रीची जर्सी पांढरीशुभ्र. कारण? नंदूभाऊ आदल्या संध्याकाळी खाप्याला आले, जर्सी घरी नेली, धुतली, इस्त्री केली आणि सकाळी हजर!

पंच म्हणाले, "गुलाबी तर गुलाबी, पण सगळ्यांचा रंग एकच पाहिजे. ही पांढरी चालणार नाही."

नंदूभाऊंचा चेहरा पडला. म्हणाले, "मॅडम, मी आत्ता बाजारातून बाकीच्यांसाठी..." त्यांचं बोलणं पूर्ण होण्याआधी धनश्रीनं बापाच्या हातून इस्त्रीची जर्सी घेतली, टबात कालचं लाल पाणी होतं त्यात बुडवली, पिळली आणि ओलीच अंगात घातली.

"बेटा, सर्दी होईन ना!"

"होऊ द्या बाबा. सगळ्याइची एकच पाहिजे."

खेळली काय, वारं पिऊन खेळली! आणि तो सामना आम्ही जिंकलो. नंदूभाऊ टाळ्या वाजवत होते, पण मधूनच हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघत होते. मला त्या माणसाची दया आली. पहिल्यांदाच आली, सांगून ठेवते.

*

एक किस्सा माझ्यावरचाही आहे, लपवत नाही.

उशिरा येणाऱ्यानं मैदानाला चक्कर मारायची, हे आमच्याकडे ठरलेलं. एक दिवस माझी स्कूटी पंक्चर झाली. ढकलत, घामाघूम होत पोचले. वाटलं, पोट्टे माझ्याविना उंडारत असतील. पाहते तर पाणी मारून झालेलं, रेषा आखलेल्या, खेळ रंगात आलेला. एकानंही वळून पाहिलं नाही!

मी खाकरले. धनश्री म्हणाली, "या मॅडम. आधी चक्कर."

"अगं, पंक्चर झाली होती!"

"मागच्या हप्त्यात सोहमची सायकल पंक्चर झाली होती. तवा तुम्ही काय म्हटलं होतं?"

मारली चक्कर. गुडघे करकरत होते आणि आई-बापांनी झाडाखालून टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "आता त्यांना माझी गरज उरली नाही." तो म्हणाला, "मग रडतेस कशाला? याचसाठी तर जातेस ना रोज?" चहा घेतला आणि फार छान झोप लागली.

*

आता शेवटचा. हा मी पंगतीत सांगत नाही, घास अडकतो.

धनश्रीची यंदाही अमरावतीसाठी निवड झाली. जाताना नंदूभाऊ बसस्टँडवर माझ्यासमोर कबूल झाले, "नाही आणणार मॅडम. यंदा पक्कं." पुढे दोन दिवस ते रोज संध्याकाळी मैदानावर येत. पोरगी नाही, तरी येत. शाळेची पोरं घरोघरी सोडायची आणि इकडे वळायचं. व्हॅन तशीच सुरू ठेवून खाली उतरायचे, पाच मिनिटं उभे राहायचे आणि जायचे.

तिसऱ्या दिवशी ते तसेच उभे असताना फोन वाजला. शिबिरातल्या बाई संध्याकाळी पोरींना घरी बोलू देतात. मलाही ऐकू यावं म्हणून नंदूभाऊंनी स्पीकर लावला. पलीकडून नुसतं हुंदके देणं.

"बाबा, मले नाही राहायचं. सगळ्या पोरी मोठ्या हायेत. आज माझ्याशी कोणी बोललंबी नाही. घ्याले या ना बाबा. आत्ताच या."

व्हॅन समोर धडधडत होती. दार उघडं, किल्ली लागलेली. नुसतं बसायचं आणि निघायचं. मी मनात म्हटलं, संपलं! गेलं हे वर्षही.

नंदूभाऊंनी एकदा व्हॅनकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

"कसा येऊ बेटा? व्हॅन बिघडली ना. मिस्त्री म्हणते, चार-पाच दिवस लागतीन."

पलीकडे हुंदके थांबले. मग बारीक आवाज आला, "बरं बाबा." आणि फोन बंद.

नंदूभाऊ मटकन खाली बसले. डोळ्यांतून धार लागलेली. मी जवळ गेले. म्हटलं, "नंदूभाऊ, इंजिन तरी बंद करा."

"कोणतं इंजिन मॅडम? गाडी तं बिघडली हाय."

धनश्री राहिली. शिबिर पूर्ण केलं. राज्याच्या संघात नाव आलं. ती परत आली त्या दिवशी बसस्टँडवर नंदूभाऊंसोबत मीही गेले होते. पोरगी उतरली, उन्हानं काळवंडलेली, गुडघा खरचटलेला, तोंडभर हसू. व्हॅनपाशी आली आणि तिनं विचारलं, "बाबा, काय बिघडलं होतं हिचं?"

"बॅटरी गेली होती बेटा," नंदूभाऊ म्हणाले, आणि घाईघाईनं काच पुसायला लागले.

"तुम्ही फोनवर बोलून राहिले होते ना, तवा मागून हिचाच आवाज येऊन राहिला होता."

नंदूभाऊंचा फडका काचेवरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फलाटावरच्या पाटीकडे.

"म्हणून तं मी थांबली बाबा," धनश्री म्हणाली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.