मावल्याचा रेडकंवाला

बाबांच्या तेराव्यानंतर तो शेजारच्या मावल्या गावाहून आमचं रेडकू न्यायला आला. म्हशीची नर पिल्लं दुधाच्या कामाची नाहीत म्हणून लोक विकतात. तो ती घेतो, सरकीची पेंड चारून वर्ष-दीड वर्ष वाढवतो आणि मग कत्तलखान्याला देतो. गोठ्यात त्यानं रेडकाच्या कण्यावरून अंगठा फिरवला, बरगड्या चाचपल्या आणि खिशातलं मीठ तळहातावर चाटायला दिलं. माझ्यावर शिंगं उगारणारी म्हैस त्याच्यापुढे मान लांबवून उभी राहिली.

"बापू दर शुक्रवारी आमच्या शेडावर येत," तो बाबांबद्दल म्हणाला. "रेडकं पाहत, अन् मंग बोलतच बसत. माही बायको म्हणे, बापूचं घरी कोनी आयकत नाई काय?"

तो हसला. मला त्याचा हेवा वाटला. घरात बाबा जेवायला मागण्यापलीकडे क्वचितच बोलत, आणि मी पुस्तकात असे. इतक्या शुक्रवारांत ते काय बोलले, हे विचारायला मी तोंड उघडलं.

"तुमाले तर सारं सांगतच असतीन," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि रेडकाचं दावं सोडून त्याच्या हातात दिलं.