मिस्त्रीनं घडवलेला हूक

सन १९६३. मी चोवीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, त्यातली निम्मी बांधावर. लिहिण्यात चुका असतील, सांगण्यात नाहीत.

आमचं घर गाडीवानाचं, कराडच्या खालच्या अंगाला. आबा, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं गुऱ्हाळावरचा गूळ बैलगाडीनं सांगलीच्या पेठेत नेत होते. चाळीस वर्षांत त्यांची गाडी एकदाही उलथली नाही. गावात दुसऱ्या कुणाची गाडी भरायची असली तरी आबांना हाक यायची. त्यांची पारख साधी होती. गाडी भरली की जुवाखाली हात घालायचा आणि जू एका हातानं उचलून बघायचं. जड लागलं की दोन ढेपा मागं सरकवायच्या. "वझं चाकानं व्हायचं, बैलाच्या मानेनं न्हवं," म्हणायचे. आमच्या घरात दुसरं धन नव्हतं. एवढी पारखच होती.

मला मोटारीचं वेड लागलं. मलकापुरात एका मिस्त्रीच्या आवारात लढाईच्या वेळची, लष्करानं विकून टाकलेली डिस्पोजलची पिकअप गाडी पडून होती. पुढच्या काचेच्या जागी पत्रा, बॉनेटखाली कोंबडी अंड्यावर बसलेली. आबांना दाखवायला नेलं. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "हिनं माल वढायचा, का आपुन हिला वढायची?"

मी हट्ट सोडला नाही. शेवटी खिल्लार जोडी म्हसवडच्या बाजारात विकली. आबा स्वतः घेऊन गेले. परत आले तेव्हा खांद्यावर नुसती दावी होती. ती त्यांनी खुंटीला अडकवली.

गाडी उभी करायला पाच महिने गेले. मिस्त्री मिलिटरीच्या वर्कशॉपात नोकरी करून आलेला, चाळिशीचा माणूस. बौद्ध झालेल्या घरातला. कामात एक शब्द वाया घालवायचा नाही. मी त्याच्या हाताखाली होतो. इंजिन उतरवून पार उकललं, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना दोन-दोन पानं जादा घातली, चासीला मागं आडवं जाड लोखंड बसवलं आणि त्यावर ट्रेलर जोडायचा हूक. तो हूक त्यानं भट्टीत लाल करून करून तीन दिवस घडवला. ट्रकच्या जुन्या आसावर दोन चाकांचा ट्रेलर बांधला. झाल्यावर मला ट्रेलरच्या पुढच्या, हुकात अडकवायच्या दांड्याजवळ उभं केलं.

"भार आसाच्या फुढं घ्यायचा, ध्यानात ठेव. ह्यो दांडा उचलाय दोन मानसं लागली पायजेत. हलका लागला तर उतारावर ट्रेलर शेपूट हलवनार, आन गाडीला बी घिऊन जानार."

मला हसू आलं. म्हटलं, "मिस्त्री, तुमी लोखंडाचं बगा. भराई आमच्या घरात हाय."

"इंजनाला मान नसती रं गड्या," तो म्हणाला. "मान तेवढी तुजीच ताठ हाय."

मला ते झोंबलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कदाचित ऐकलंही असतं. गाडीवानाच्या पोराला यानं भराई शिकवायची काय, असं मनात आलं होतं. आलं होतं ते लिहितो.

पहिली खेप गुळाची. नारळ फोडला, आणि ट्रेलर आबांनी भरला. ढेप न् ढेप स्वतःच्या हातानं लावली. शेवटी दांड्याखाली हात घातला आणि एका हातानं वर उचलला.

"बग! फुलावानी!" बैल विकल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला होता.

मिस्त्रीचं बोलणं मला आठवलं. मी बोललो नाही. म्हटलं, "आबा, फुढं बसा माज्याजवळ."

"भरल्या गाडीवर बसनारा मानूस हाय मी. पेटीत कशाला बसू?" असं म्हणून ते मागच्या ढेपांवर चढून बसले. म्हणजे मागचा भार आणखी वाढला.

सपाटीला काही झालं नाही. सांगलीच्या वाटेवर एक लांब उतार लागतो. तिथं गाडीनं वेग घेतला आणि मागून हिसका बसला. मग दुसऱ्या बाजूनं बसला. ट्रेलर शेपूट हलवायला लागला होता. ब्रेक दाबला तर जास्तच. पाच-सहा हिसके बसले असतील, मग मागची चाकं घसरून पिकअप आडवी झाली आणि ट्रेलर उलथला. हूक तुटला नाही. उलथलेल्या ट्रेलरला तो तसाच धरून होता.

उतरंड कोसळावी तशा ढेपा घरंगळत गेल्या. आबा तीन ढेपांखाली होते. आजूबाजूच्या मळ्यातली माणसं धावली, त्यांना दुसऱ्या ट्रकमध्ये घालून सांगलीच्या दवाखान्यात नेलं. दुपारी मी ट्रेलरपाशी परत आलो तर गुळाला मुंग्या लागल्या होत्या.

आबा जगले, पण कमरेखाली पाय लुळे पडले. चौथ्या दिवशी नीट शुद्धीवर आले. पाय का हलत नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते असं, "भराई चुकली का रं माजी?"

मी म्हटलं, "न्हाई आबा. हूक तुटला."

त्यांनी डोळे मिटले. पाणी कानाकडं वाहत होतं. "तरीच," म्हणाले.

पुढं भेटायला येईल त्याला आबाच सांगायला लागले, हुकानं घात केला, भराईत काही नव्हतं. मी शेजारी बसून ऐकत असे. लोकांना ते पटायला वेळ लागला नाही. काही जणांनी तर 'त्यांच्या हातचं काम, दुसरं काय व्हायचं' असंही म्हटलं. त्यांनाही मी गप्प केलं नाही. आबांना घरी आणलं, पिकअपही ओढून आणली. हुकावर गोणपाट टाकून ठेवलं.

एक दिवस दुपारी मिस्त्री आला. बोलणं मलकापुरापर्यंत गेलं होतं, त्याच्याकडं येणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या. अंगणात थांबून त्यानं गोणपाट वर केलं, हुकाभोवती बोट फिरवलं आणि आत आला.

आबांनी विचारलं, "मिस्त्री, एवढं ब्येस काम केलंसा, आन हुकातच कसं कमी पडलासा वो?"

मिस्त्रीनं वाकळेखालचे आबांचे पाय बघितले. मग माझ्याकडं बघितलं. मी जमीन बघत होतो.

"लोखंडाच्या पोटात कवा कवा भेग असती, आबा," तो म्हणाला. "वरनं दिसत न्हाई."

"मंजी भराई..."

"भराई झकास हुती."

आबांनी त्याचा हात धरला. मग मला म्हणाले, "मला त्यो तुकडा दाव. हातात घिऊन बगायचाय मला."

मी म्हटलं, "उद्या आनतो."

बाहेर आल्यावर मिस्त्री माझ्याकडं न बघता बोलला. "चाळीस वर्सं ज्यानं गाडी उलथू दिली न्हाई, त्येच्यासाटनं बोललो. तुज्यासाटनं न्हाई. माज्या दाराला परत येऊ नगंस." गोणपाट घसरलं होतं, ते त्यानंच हुकावर नीट पांघरलं आणि चालत गेला.

दसऱ्याच्या आत त्यानं मलकापूर सोडलं. कुठं गेला ते मी विचारलं नाही. आबा पुढं तीन वर्षं जगले आणि शेवटपर्यंत हुकाचीच गोष्ट सांगत राहिले. मी आयुष्यात कुणापुढं वाकलो नाही, याचा मला मोठा अभिमान. त्या एका माणसापुढं वाकायला जायचं होतं, तेवढं राहिलं.

मिस्त्री येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवतीचं पातं घेऊन पिकअपमागं बसलो. दोन पाती मोडली तरी हूक निम्मासुद्धा कापला गेला नाही. शेजारच्या लोहाराचा घण आणला. कितीतरी घाव घातले तेव्हा तो तुटला. आत सगळीकडं सारखं, चकचकीत लोखंड होतं, भेग कुठंच नव्हती. करवतीच्या खुणा घणानं ठेचल्या, जळक्या तेलात माती कालवून ती चकाकी घासून घासून घालवली, तुकडा धोतराला पुसला, आणि आत नेऊन आबांच्या हातात दिला.